एका बाटलीमागचे पैसे

मी कवितेचा माणूस. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. विज्ञानाशी माझा संबंध शाळेच्या वहीत काढलेल्या अमिबापर्यंतचा. त्यामुळे आज रेडिओवरून मी मॉलिक्युलर बायॉलॉजीबद्दल बोलणार म्हटल्यावर घरच्यांना हसू आलं. पण हा विषय मी निवडला नाही, तो आमच्या घरी आला. माठात बसून आला, असंच म्हणायला हवं.

१९८८ साली माझ्या अम्मीला इन्सुलिन सुरू झालं. मी तेव्हा मिरजेला कॉलेजात होतो. गावी आमच्याकडे फ्रीज नव्हता. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवीचं तोंड दोऱ्यानं आवळायचं आणि ती पाण्याच्या माठात सोडायची. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची. सुरुवातीला मिळणाऱ्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘बोवाइन’ असं छापलेलं असे. म्हणजे गोवंशाच्या स्वादुपिंडातून काढलेलं. दोन-तीन वर्षांत अम्मीच्या मांडीवर सुईच्या जागी खड्डे पडायला लागले, म्हणून डॉक्टरांनी बाटली बदलून दिली. नव्या बाटलीवर ‘पोर्साइन’ होतं. त्याचा अर्थ मी ग्रंथालयातल्या डिक्शनरीत पाहिला आणि आठ दिवस घरी सांगितला नाही.

शेवटी तिनंच विचारलं, ‘‘इसमें क्या है रे? सच बोल.’’

मी सांगितलं. डुकराचं. अब्बांनी मशिदीतल्या मौलानांना विचारलं. जीव वाचवायचा असेल आणि दुसरा इलाज नसेल तर चालतं, असं त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं. अम्मीनं ते ऐकलं. पण त्या दिवसापासून सुई घेताना ती तोंड भिंतीकडे करायची. शेजारच्या काकूंनाही मधुमेह होता. त्यांच्या बाटलीवर ‘बोवाइन’ होतं. त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला होता की नाही, कोण जाणे. दोघी संध्याकाळी कट्ट्यावर बसून साखर किती वाढली याच्या गप्पा मारायच्या. बाटलीचा विषय दोघींपैकी एकीनंही कधी काढला नाही.

१९९५च्या सुमारास डॉक्टरांनी तिसरी बाटली लिहून दिली. किंमत पहिल्या बाटलीच्या जवळपास तिप्पट. वर लिहिलेलं ‘ह्यूमन इन्सुलिन’. अम्मीनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि दोन्ही कानांना हात लावले. ‘‘तोबा, अब आदमी का?’’

तिला समजावायचं म्हणून मी पहिल्यांदा या विषयावरचं पुस्तक हातात घेतलं. ते इन्सुलिन माणसातून काढलेलं नव्हतं आणि जनावरातूनही नव्हतं. माणसाचं शरीर इन्सुलिन कसं बनवतं याची कृती जनुकात लिहिलेली असते. त्या मजकुराची नक्कल जिवाणूच्या किंवा यीस्टच्या पेशीत घालतात. पेशी ती आपलीच समजून वाचते आणि माणसाचं इन्सुलिन तयार करून देते. एका पेशीच्या थोड्या वेळात लाखो होतात. टाक्यांमध्ये वाढवायचं, गाळायचं, शुद्ध करायचं. आमच्याकडे विरजण लावतात त्याच कुळातला हा प्रकार.

अम्मी शिलाईकाम करायची. ब्लाउजमागे किती सुटतात यावर घर चालायचं. त्यामुळे कुठलीही नवी गोष्ट दिसली की तिचा प्रश्न ठरलेला. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं तोच विचारला, ‘‘इतना सब करने को पैसे किसने दिए?’’

पुस्तकात शास्त्रज्ञांची नावं होती, नोबेल होतं, तारखा होत्या. पैसे कुणी दिले हे मात्र तळटीपांतून हुडकावं लागलं. ते हुडकायला मला पुढची काही वर्षं लागली.

पहिला मोठा पैसा तेलाचा. जॉन रॉकफेलरनं अमेरिकेत तेलाच्या धंद्यात अमाप कमावलं आणि त्यातून प्रतिष्ठान काढलं. १९३२ साली त्या रॉकफेलर प्रतिष्ठानचा विज्ञान विभाग वॉरन वीव्हर नावाच्या गणितज्ञाकडे आला. जीवशास्त्र हा त्याचा विषय नव्हता. पण भौतिकशास्त्राची आणि रसायनशास्त्राची हत्यारं सजीवांच्या अभ्यासाला लावली तर काहीतरी मोठं हाती लागेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. १९३८च्या वार्षिक अहवालात त्यानं या नव्या शास्त्राला ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी’ असं नाव दिलं. मूल नीट जन्मायच्या आधीच बारसं झालं, आणि तेही ज्यानं पाळण्याचे पैसे दिले त्याच्या हस्ते.

हे पैसे कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंगला गेले, इंग्लंडमध्ये लीड्सला लोकरीच्या धाग्यांचे क्ष-किरण फोटो काढणाऱ्या अ‍ॅस्टबरीला गेले आणि केंब्रिजला मॅक्स पेरुत्झला गेले. या पेरुत्झजवळ जरा थांबू या. व्हिएन्नाचा हा तरुण केंब्रिजला शिकायला आला होता. १९३८ साली हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि घरून येणारा पैसा बंद झाला. १९३९ साली रॉकफेलरच्या अनुदानातून त्याचा पगार सुरू झाला म्हणून तो टिकला. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा रेणू दिसतो कसा, हे शोधायला त्यानं १९३७ साली सुरुवात केली होती. उत्तर मिळालं १९५९ साली. बावीस वर्षं! मध्ये महायुद्ध झालं, शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला काही महिने नजरकैद झाली. १९४७पासून ब्रिटिश सरकारच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलनं त्याच्यासाठी छोटंसं युनिट काढून खर्च उचलला. या सगळ्या वर्षांत ‘काय झालं तुझ्या त्या रेणूचं?’ म्हणून कुणी त्याचा पगार थांबवला नाही. वार्षिक अहवालाच्या तारखेला घाम फुटणारी नोकरी मी केली आहे, म्हणून मला या बावीस वर्षांचं कौतुक जास्त वाटतं.

त्याच युनिटमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएचा दुहेरी गोफ उलगडला. २५ एप्रिल १९५३च्या ‘नेचर’मधला त्यांचा तो छोटासा लेख जगप्रसिद्ध आहे. त्याच्या शेवटी आभाराच्या ओळी आहेत, त्या सहसा कुणी वाचत नाही. वॉटसनला ‘नॅशनल फाउंडेशन फॉर इन्फंटाइल पॅरालिसिस’ची शिष्यवृत्ती होती, असं तिथं लिहिलं आहे. ही संस्था पोलिओसाठी होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या पुढाकारानं ती १९३८ साली निघाली आणि रेडिओवरून लोकांना आवाहन झालं, की एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाउसच्या पत्त्यावर पाठवा. लाखो पाकिटं आली. पोरांनी खाऊचे पैसे पाठवले. त्या पैशांतून पोलिओची लस तर झालीच. पण कधी पोलिओचा रुग्णही न तपासलेला एक पंचविशीतला पोरगा केंब्रिजला बसून डीएनएचे पत्र्याचे तुकडे जुळवत होता, त्याचा खर्चही त्यातूनच निघाला. आणि ज्या रोझलिंड फ्रँकलिनच्या क्ष-किरण चित्रांवाचून हे जमलं नसतं, ती लंडनला ज्या शिष्यवृत्तीवर काम करत होती, ती टर्नर अँड न्यूअल या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कंपनीनं दिलेली होती. पैसा कुठून निघतो आणि कुठं जाऊन उगवतो!

यानंतर मात्र नाणी मागे पडली आणि सरकारी खजिना उघडला. महायुद्धात रडार आणि अणुबॉम्ब पाहिल्यावर, विज्ञानाला सरकारनं पैसा द्यायचा असतो हे अमेरिकेला पटलं होतं. १९४५ साली व्हॅनेव्हर बुश यांनी तसा अहवालच लिहिला. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, या सरकारी संस्थेचं बजेट १९४७ साली ८० लाख डॉलर होतं. १९६६ साली ते १०० कोटींच्या वर गेलं. हे आपोआप झालं नाही. मेरी लास्कर नावाच्या श्रीमंत बाई नेत्यांच्या दारात धरणं धरल्यासारख्या बसायच्या. सिनेटमध्ये लिस्टर हिल होते. एका सर्जनचा मुलगा, नावही जोसेफ लिस्टरवरून ठेवलेलं. आणि खालच्या सभागृहात जॉन फोगार्टी. हा माणूस मूळचा गवंडी, विटा रचण्याचं काम केलेला. संशोधनाला किती पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीवर तो वर्षानुवर्षं होता आणि एनआयएचनं मागितले त्याहून जास्त द्यायचा.

यात एक गंमत होती. पैसा मागताना रोगाचं नाव घ्यायचं, कारण मतदाराला रोग कळतो. मिळाल्यावर प्राध्यापक मंडळी त्यातून जिवाणू आणि विषाणू यांच्या मागे लागायची. १९७१ साली अध्यक्ष निक्सन यांनी कर्करोगाविरुद्ध मोहीम पुकारून आणखी पैसा ओतला. कर्करोग हरला नाही. पण ट्यूमर करणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासातून, जिवाणूंच्या अभ्यासातून शास्त्रज्ञांच्या हाती दोन वस्तू आल्या. डीएनए नेमक्या जागी कापणारी कात्री आणि तुकडे जोडणारा डिंक. स्टॅनफर्डच्या पॉल बर्ग यांनी १९७२ साली दोन वेगवेगळे डीएनए जोडून दाखवले. याला मतदाराची फसवणूक म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. विहीर खणायला पैसे दिले आणि पाणी शेजारच्या वावरात लागलं, तर ते पाणीच असतं.

हरगोविंद खोराना यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. आता पाकिस्तानात असलेल्या रायपूर नावाच्या खेड्यातल्या पटवाऱ्याचा हा मुलगा. पहिली शाळा झाडाखाली. १९४५ साली हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते लिव्हरपूलला गेले, डॉक्टरेट केली, आणि १९४९ साली परतले तर त्यांच्या शिक्षणाला साजेशी नोकरी इथं मिळेना. पुन्हा इंग्लंड, मग कॅनडा, मग अमेरिका. जनुकांची लिपी उलगडण्याबद्दल १९६८ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे त्यांनी बाटल्यांतल्या साध्या रसायनांपासून अख्खं जनुक बनवून दाखवलं. माणसाचं इन्सुलिन ज्या वाटेनं तयार झालं, ती वाट तिथून फुटते. पहिली शिष्यवृत्ती आपण दिली. दुसरा हप्ता द्यायला आपल्याकडे कुणी नव्हतं.

आता गोष्ट वेग घेते. नोव्हेंबर १९७२मध्ये होनोलुलूच्या परिषदेत स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे हर्बर्ट बॉयर भेटले. बॉयरकडे कात्री होती. कोहेनकडे प्लास्मिड होती, म्हणजे जिवाणूत सहज शिरणारी डीएनएची कडी. रात्री सँडविच खाता खाता ठरलं आणि १९७३ साली त्यांनी परका डीएनए जिवाणूत घालून तो वाढवून दाखवला. यासाठी मुख्यतः सरकारचा पैसा होता. स्टॅनफर्डमध्ये पेटंटांचं काम बघणाऱ्या नील्स रायमर्स यांनी वर्तमानपत्रात बातमी वाचली आणि ते कोहेनच्या मागे लागले. कोहेन आधी नकोच म्हणत होते. एवढ्या लोकांच्या कामावर उभं राहिलेलं हे, पेटंट दोघांच्या नावावर कसं घ्यायचं? नोव्हेंबर १९७४मध्ये, मुदत संपायला आठवडा राहिला असताना अर्ज गेला.

जानेवारी १९७६. रॉबर्ट स्वॉन्सन, वय अठ्ठावीस, नोकरी नुकतीच गेलेली. त्यानं बॉयरला फोन करून दहा मिनिटं मागितली. दहा मिनिटांचे तीन तास झाले, बैठक बिअरच्या दुकानात हलली. दोघांनी पाचशे-पाचशे डॉलर काढले आणि एप्रिलमध्ये ‘जेनेन्टेक’ नावाची कंपनी उभी राहिली. साहसी भांडवल पुरवणाऱ्या क्लायनर-पर्किन्सनं पहिले एक लाख डॉलर दिले.

आणि नेमकं याच वेळी सरकारचा हात आखडला. बॉयरचे सहकारी आर्थर रिग्ज आणि केइची इटाकुरा यांनी, सोमॅटोस्टॅटिन हे छोटं हार्मोन जिवाणूकडून बनवून घेण्यासाठी एनआयएचकडे अनुदान मागितलं. समितीनं नाकारलं. सांगितलेल्या मुदतीत हे जमणार नाही, असं त्यांचं मत पडलं. चाळीस वर्षं पेरणी केली आणि कणीस दिसायला लागल्यावर पाणी तोडलं! सरकारी समित्या धीराच्या असतात, पण धाडसाच्या असतातच असं नाही. खर्च जेनेन्टेकनं उचलला. १९७७च्या पहिल्या प्रयत्नात हाती शून्य आलं, कारण जिवाणू तयार झालेलं हार्मोन स्वतःच खाऊन टाकत होता. मग ते एका मोठ्या प्रथिनाला शेपटीसारखं जोडलं, जिवाणू फसला, आणि शेपटी नंतर कापून घेतली.

इन्सुलिनच्या शर्यतीत हार्वर्ड होतं, सॅन फ्रान्सिस्कोचंच विद्यापीठ होतं. पण १९७६ साली एनआयएचनं अशा प्रयोगांवर कडक नियम लावले होते आणि ते सरकारी अनुदान घेणाऱ्यांना बांधील होते. हार्वर्डच्या गावात तर नगरपालिकेनंच काही महिने हे प्रयोग रोखले. शेवटी हार्वर्डच्या मंडळींना सामान उचलून इंग्लंडमध्ये लष्कराच्या बंदिस्त प्रयोगशाळेत जावं लागलं. जेनेन्टेकचा पैसा खाजगी, आणि डीएनएही माणसाच्या पेशीतून न काढता रसायनांपासून जुळवलेला. त्यांना हे नियम लागू नव्हते. ऑगस्ट १९७८मध्ये त्यांनी माणसाचं इन्सुलिन बनवलं. एलाय लिली या औषध कंपनीशी लगेच करार झाला. लिलीला त्याची गरज होती. आठ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी डुकरांचे सुमारे दोन टन अवयव लागत. ऑक्टोबर १९८२मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं.

मधलं १९८० हे वर्ष मात्र वकिलांचं आणि दलालांचं. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की माणसानं घडवलेल्या जिवाणूचं पेटंट मिळू शकतं. तो तेल खाणारा जिवाणू आनंद चक्रवर्ती यांचा, मूळचे पश्चिम बंगालमधल्या सैंथियाचे. ऑक्टोबरमध्ये जेनेन्टेकचा शेअर ३५ डॉलरला बाजारात आला आणि तासाभरात ८८वर गेला. विकायला औषध एकही नव्हतं. डिसेंबरमध्ये कोहेन-बॉयर पेटंट मंजूर झालं आणि त्याच महिन्यात बे-डोल कायदा आला, ज्यानं सरकारी पैशातल्या संशोधनाचं पेटंट विद्यापीठांना आपल्याकडे ठेवायची मुभा दिली. कोहेन-बॉयर पेटंटातून १९९७पर्यंत दोन्ही विद्यापीठांना सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. जेनेन्टेकचा उरलेला हिस्सा २००९ साली रोश कंपनीनं घेतला, तो सुमारे ४,६८० कोटी डॉलरला.

याच्या शेजारी केंब्रिजच्या सीझर मिलस्टाइन यांना ठेवून बघा. त्यांनी आणि कोलर यांनी १९७५ साली, हव्या त्या एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवायची रीत शोधली. ब्रिटनच्या संबंधित सरकारी खात्यानं पेटंट घेतलंच नाही, उपयोग काय ते दिसेना म्हणून. आज कर्करोगावरची, संधिवातावरची कितीतरी महागडी औषधं त्याच रीतीवर उभी आहेत.

आता अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर जुळवू लागलो तर यादी अशी होते: तेलसम्राट, खाऊचे पैसे पाठवणारी पोरं, अमेरिकेचा करदाता, ब्रिटनचा करदाता, गवंडीकाम केलेला एक खासदार, आणि शेवटची काही वर्षं साहसी भांडवलवाले. सगळ्यांत कमी काळ ज्यांनी पैसे अडकवले त्यांना सगळ्यांत जास्त मिळाले. त्यांची जोखीम मी नाकारत नाही; सरकारनं नाही म्हटलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं. पण ज्या अमेरिकन माणसाच्या करातून हे शास्त्र वाढलं, त्यालाच पुढे इन्सुलिन परवडेनासं झालं. लोक डोस वाचवून वाचवून घेऊ लागले. बराच आरडाओरडा झाल्यावर २०२३ साली लिलीनं आपल्या मुख्य इन्सुलिनांच्या किमती ७० टक्क्यांनी उतरवायचं जाहीर केलं. आणि २०२५ साली त्याच एनआयएचची कितीतरी चालू अनुदानं सरकारनं मध्येच रद्द केली. कुणाची दहा वर्षं, कुणाची पंधरा. त्यात एखादा पेरुत्झ होता का, हे कळायलाही बावीस वर्षं लागतील.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी हा विषय सुरू केला, अणुऊर्जा खात्याच्या पैशातून. केंद्र सरकारचं स्वतंत्र जैवतंत्रज्ञान खातं १९८६ साली निघालं. आणि २००३ साली तेव्हाच्या औरंगाबादेतल्या कारखान्यातून वोक्हार्ट कंपनीनं माणसाचं इन्सुलिन बाजारात आणलं.

ती बाटली आमच्या घरी आली तेव्हा फ्रीज आला होता. अम्मीनं सवयीनं विचारलं, कुठली आहे. मी लेबल वाचून दाखवलं. औरंगाबादला माझी मावशी, बिल्किसखाला, राहायची. ‘‘अपने बिल्किस के गाँव की?’’ अम्मी म्हणाली, आणि अंगणाकडे तोंड करून तिनं सुई घेतली.